गुरुवारची हवा: कारखान्यातली गळती आणि ती मोजणाऱ्या माणसाचा इतिहास

(या भागाचं शब्दांकन. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोललो तसंच ठेवलं आहे.)

जुहूहून बोलतोय, त्यामुळे मधेच हेलिकॉप्टरचा आवाज आला तर सांभाळून घ्या. आज त्या हेलिकॉप्टरचाही गोष्टीशी संबंध आहे. तो कसा, ते पुढे येईलच.

आजचा विषय आहे हवा. श्वासाची नाही, कारखान्यातली. दाबलेली, नळातून फिरवलेली, पैसे मोजून तयार केलेली हवा. आणि ती हवा कुठे वाया जाते हे सरकारमान्य सहीनिशी सांगणारा माणूस, म्हणजे ॲक्रेडिटेड एनर्जी ऑडिटर. असा माणूस आपल्या देशात कधी आणि कसा तयार झाला, ही आजची गोष्ट.

आता मी सॉफ्टवेअरवाला, मला हे कुठून सुचलं? तर एका आलेखामुळे. आमच्या ऑफिसात कारखान्यांच्या वीजमीटरचा डेटा गोळा करून स्क्रीनवर दाखवणारं सॉफ्टवेअर बनतं. आमचा एक ग्राहक भोसरीचा आहे, गाड्यांचे सुटे भाग बनवणारा. ज्यांचं घर पुण्याकडे आहे त्यांना माहीत असेल, तिकडे कारखान्यांची सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. तर गुरुवारी या कारखान्यातली सगळी मशीनं बंद. आलेखावर प्रत्येक मशीनची रेघ जमिनीला टेकलेली. एक रेघ मात्र टेकत नव्हती. कॉम्प्रेसरची.

दोन मिनिटं वर, सहा मिनिटं खाली. पुन्हा दोन मिनिटं वर, सहा मिनिटं खाली. दिवसभर, रात्रभर. कारखान्यात वॉचमन सोडून माणूस नाही, एकही मशीन चालू नाही, आणि कॉम्प्रेसर हवा भरतोय. कोणासाठी?

मला वाटलं आमच्या सेन्सरमध्ये बिघाड आहे. दोन दिवस मी कोड तपासला. शेवटी घरी लॅपटॉप उघडून बसलो होतो तेव्हा बाबांनी मागून पाहिलं. बाबा आयटीआय केलेले फिटर. अंधेरीला एका कारखान्यात त्यांची बरीच वर्षं कॉम्प्रेसर रूममध्ये गेली. त्यांनी चष्मा लावला, स्क्रीनकडे पाहिलं आणि म्हणाले, "सेन्सर बरोबर आहे रे. लाइन गळतेय. पाव हवा जातेय त्यांची."

मी विचारलं, "बाबा, तुम्हाला कसं कळलं पाव?"

म्हणाले, "दोन आणि सहा आठ. आठात दोन म्हणजे पाव. त्यात काय कळायचं?"

त्यात काय कळायचं, हे मला पुढचे काही महिने कळत होतं. आणि त्यातूनच हा इतिहास वाचायला लागलो. तर चला, थोडं मागे जाऊ.

मागे म्हणजे थेट १८६१ साली. दोन डोंगर डोळ्यासमोर आणा. एक आपला, बोरघाट. मुंबईहून पुण्याला रेल्वे न्यायची म्हणून १८५६ मध्ये तिथे काम सुरू झालं. जेम्स बर्कली हे जीआयपी रेल्वेचे मुख्य इंजिनिअर. घाटात पंचवीस बोगदे. १८६१ च्या सुमारास तिथे चाळीस हजारांहून जास्त माणसं राबत होती. छिन्नी, हातोडा, सुरुंगाची दारू. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा. खडकात भोक पडलं की दारू ठासायची, वात लावायची आणि पळायचं. त्यात कॉलऱ्याची साथ. किती माणसं गेली याचा हिशोब कोणी नीट ठेवला नाही. १८६३ मध्ये घाट रेल्वेला खुला झाला. आपण खंडाळ्याला वडापाव खात ज्या बोगद्यांतून जातो, तो रस्ता असा झालाय.

दुसरा डोंगर युरोपातला, आल्प्स. फ्रान्स आणि इटली जोडणारा फ्रेजुसचा बोगदा, ज्याला माँ सनीचा बोगदाही म्हणतात. काम सुरू झालं १८५७ मध्ये, म्हणजे आपल्या घाटाच्या जवळजवळ बरोबरीनं. तिथेही सुरुवातीला हातानंच खोदकाम. पण तेरा किलोमीटरच्या आसपासचा बोगदा आणि मधे हवेसाठी विहिरी खणायची सोय नाही, कारण वर अख्खा आल्प्स. हातानं खणलं तर पंचवीस वर्षांहून जास्त लागतील असा अंदाज होता. जेर्मां सोमेये या इंजिनिअरनं डोंगरातल्या पाण्याचा जोर वापरून हवा दाबली, ती नळातून बोगद्यात नेली आणि तिच्यावर ड्रिल चालवलं. हे ड्रिल प्रत्यक्ष कामाला लागलं १८६१ मध्ये. वाफेचं इंजिन बोगद्यात नेलं असतं तर धुरानं माणसं गुदमरली असती. हवेचं तसं नाही. ड्रिल चालवून सुटलेली हवा आतल्या मजुरांच्या श्वासाला उपयोगी पडली. बोगदा १८७१ मध्ये, चौदा वर्षांत, सुरू झाला. सोमेये मात्र उद्घाटनाच्या थोडं आधी वारले.

१८६१ साल एकच. एका डोंगरात दाबलेली हवा खडक फोडत होती, दुसऱ्यात माणसाचा दंड. हे मी कोणाला दोष द्यायला सांगत नाहीये. सांगतोय अशासाठी, की दाबलेली हवा जगात आली ती अशी. तिच्यामुळे जिथे माणूस मरत होता तिथे तो वाचला. त्यामुळे तिची किंमत किती, ती वाया किती जाते, असा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. पाणी डोंगरातून फुकट वाहत होतं आणि हवा तर सगळीकडे होतीच.

"हवा फुकट असते" हा समज तेव्हापासून कारखान्यात मुक्कामाला आहे.

पहिल्यांदा हिशोब मागितला गेला तो पॅरिसमध्ये. १८८० च्या सुमारास व्हिक्टर पॉप नावाच्या माणसानं पॅरिसच्या रस्त्यांखालून हवेचे नळ टाकले. सुरुवात कशासाठी, तर शहरातली घड्याळं एकाच ठिकाणाहून चालवण्यासाठी. पुढे लोक तीच हवा छोट्या कारखान्यांतली यंत्रं चालवायला विकत घेऊ लागले. आता विकायची वस्तू झाली की गिऱ्हाईक विचारणारच, माप बरोबर आहे ना? लंडनचे प्राध्यापक अलेक्झांडर केनेडी यांनी १८८९ मध्ये या पॅरिसच्या यंत्रणेवर प्रयोग केले. एका टोकाला हवा दाबायला किती शक्ती लागली आणि दुसऱ्या टोकाला यंत्राला किती मिळाली, हे दोन्ही मोजलं. आजचा ऑडिटर वेगळं काही करत नाही. इकडे किती घातलं, तिकडे किती पोचलं.

तो आकडा तेव्हाही सुखाचा नव्हता आणि आजही नाही. आपल्या ब्यूरो ऑफ एनर्जी एफिशिअन्सीचं, म्हणजे बीईईचं, परीक्षेचं पुस्तक सांगतं, की कॉम्प्रेसरला दिलेल्या ऊर्जेपैकी फक्त १० ते ३० टक्के शेवटच्या टोकाला कामी येते. बाकीची बहुतेक उष्णता होऊन जाते. कॉम्प्रेसर रूममध्ये उभं राहून बघा, घामाच्या धारा लागतात. ती तुमच्या बिलातली वीजच असते. आणि जी हवा तयार होते, तिच्यातली २० ते ३० टक्के नुसती गळतीत जाते असे कारखाने काही दुर्मीळ नाहीत. बाबांचा 'पाव' नेमका मधोमध बसतो.

आता आपल्याकडे येऊ. स्वातंत्र्यानंतर कारखानदारी वाढली तसा कॉम्प्रेसर आला. १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक सुरू झाली, १९६० मध्ये ॲटलास कॉप्को भारतात आली, तीही पुण्यात. पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स १९५४ पासून होतीच. १ ऑगस्ट १९६२ ला एमआयडीसी स्थापन झाली आणि पुढच्या वीस वर्षांत पिंपरी, भोसरी, आकुर्डी, ठाणे, अंधेरीचं मरोळ, सगळीकडे शेड उभ्या राहिल्या. प्रत्येक शेडच्या मागे एक पत्र्याची खोली, खोलीत कॉम्प्रेसर.

योगायोग बघा. ज्या १९५८ मध्ये पुण्यात कॉम्प्रेसर बनवणारी कंपनी आली, त्याच १९५८ मध्ये दिल्लीत नॅशनल प्रॉडक्टिव्हिटी काउन्सिल स्थापन झाली. पुढे शेहेचाळीस वर्षांनी ऊर्जा ऑडिटरची पहिली परीक्षा याच काउन्सिलनं घेतली. मधल्या शेहेचाळीस वर्षांत काय झालं? तर आधी तेल महागलं.

१९७३ च्या ऑक्टोबरात अरब देशांनी तेल रोखलं आणि काही महिन्यांत कच्च्या तेलाची किंमत जवळजवळ चौपट झाली. आपल्यासारख्या देशाचं कंबरडं मोडलं. इथे माझ्या हेलिकॉप्टरचा संबंध येतो. १९७४ मध्ये मुंबईच्या समुद्रात 'सागर सम्राट' या रिगनं तेल शोधलं, बॉम्बे हाय. १९७६ मध्ये तिथून उत्पादन सुरू झालं. जुहूच्या विमानतळावरून आजही हेलिकॉप्टर समुद्रातल्या फलाटांवर माणसं घेऊन जातात. त्यांच्या आवाजात मी लहानाचा मोठा झालो. म्हणजे तेलाच्या टंचाईला देशानं दिलेलं एक उत्तर माझ्या खिडकीवरून रोज उडत होतं: आणखी शोधा.

दुसरं उत्तर इतकं गाजलं नाही. ते होतं: आहे ते वाया घालवू नका. १९७८ मध्ये पेट्रोलियम कन्झर्वेशन रिसर्च असोसिएशन, म्हणजे पीसीआरए, स्थापन झाली. १९८१ मध्ये केंद्र सरकारनं ऊर्जेच्या वापराचा आणि बचतीचा अभ्यास करायला आंतरमंत्रालयीन कार्यगट नेमला, त्याचा अहवाल १९८३ ला आला. १९८५ मध्ये महाराष्ट्रात मेडा, म्हणजे महाराष्ट्र ऊर्जा विकास अभिकरण. १९८९ मध्ये दिल्लीत एनर्जी मॅनेजमेंट सेंटर. १९९१ पासून १४ डिसेंबर हा राष्ट्रीय ऊर्जा संवर्धन दिवस. शाळेत त्या दिवशी आपण 'वीज वाचवा'ची चित्रं काढली, आठवतंय? बल्ब, त्याला डोळे, डोळ्यांतून अश्रू.

या काळात कारखान्यांत एनर्जी ऑडिट होत होतंच. प्रॉडक्टिव्हिटी काउन्सिलची माणसं जात, पीसीआरएची जात, सल्लागार जात. अहवाल लिहिले जात. पण ऐकायची सक्ती कोणावर नव्हती. अहवाल मॅनेजरच्या कपाटात जायचा आणि हवा नळातून जायची.

आणि या सगळ्या काळात महाराष्ट्रात विजेची ओढाताण. आता तो गुरुवार आठवा. पुण्याकडच्या कारखान्यांना गुरुवारची सुट्टी का? कोणत्याही देवाचा वार म्हणून नाही. सगळे कारखाने एकाच दिवशी बंद आणि बाकी सहा दिवस एकदम चालू, असं झालं तर विजेचा पुरवठा पुरत नाही. म्हणून भागाभागांत सुट्टीचे वार वाटून दिले. याला स्टॅगरिंग म्हणायचे. पुणे पट्ट्याच्या वाट्याला गुरुवार आला. तिकडच्या लग्नाच्या पत्रिका, क्रिकेटचे सामने, मुलांच्या सहली, सगळं गुरुवार बघून ठरू लागलं. अख्ख्या गावानं विजेच्या टंचाईपायी आपला रविवार सोडून दिला.

आणि त्याच गुरुवारी, त्याच गावात, बंद कारखान्यातला कॉम्प्रेसर रिकाम्या शेडला हवा पुरवत होता.

हे लक्षात आलं तेव्हा मला, खरं सांगतो, थोडं गलबलून आलं. भोसरीच्या त्या आलेखाचा हिशोब ऐका. कॉम्प्रेसर ७५ किलोवॅटचा. हवा भरताना ७५, नुसता फिरत असताना साधारण २१. पाव वेळ ७५ आणि पाऊण वेळ २१ धरलं तर सरासरी ३४.५ किलोवॅट. चोवीस तासांचे ८२८ युनिट. आठ रुपये युनिट धरा, एका गुरुवारचे साडेसहा हजार रुपये. वर्षाचे गुरुवार बावन्न. आणि गळती काही गुरुवारपुरती नसते. बाकीचे सहा दिवस ती मशीनच्या आवाजात झाकलेली असते, एवढंच.

मी बाबांना विचारलं, निदान गुरुवारी बटण बंद का करत नाहीत? बाबा म्हणाले, "चालू राहिला तर कोणी विचारत नाही. बंद राहिला आणि शुक्रवारी सकाळी प्रेशर आलं नाही, तर सगळे विचारतात." या एका वाक्यात कारखान्याचं अख्खं व्यवस्थापनशास्त्र आहे.

तर आता येतो २००१ साली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात दाभोळचा एन्रॉनचा वीजप्रकल्प बंद पडला. महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २००१ मध्ये ऊर्जा संवर्धन कायदा झाला, १ मार्च २००२ ला लागू झाला आणि त्याच दिवशी बीईई अस्तित्वात आली. महाराष्ट्रात या कायद्याचं काम बघायला मेडाला नेमलं गेलं.

कायद्यात पहिलं काम काय असतं? शब्दांच्या व्याख्या. आणि या कायद्याच्या व्याख्यांमध्ये सगळ्यात पहिली व्याख्या आहे 'ॲक्रेडिटेड एनर्जी ऑडिटर'. इंग्रजी अक्षरक्रमात पहिला येतो म्हणून, पण आहे पहिला. आता गंमत ऐका. ती व्याख्या म्हणते, ज्याच्याकडे ब्यूरोनं ठरवलेली पात्रता आहे तो. आणि ती पात्रता ब्यूरोनं नियमावलीत लिहिली २०१० मध्ये! म्हणजे नाव नक्की झालं २००१ ला, आणि त्या नावाचा माणूस कोण असावा हे ठरलं नऊ वर्षांनी.

मधल्या काळात परीक्षा सुरू झाली. २००४ मध्ये पहिली. चार पेपर. पहिला ऊर्जा व्यवस्थापन आणि ऑडिटचा, दुसरा बॉयलर-भट्ट्या वगैरे उष्णतेच्या यंत्रणांचा, तिसरा विजेच्या यंत्रणांचा. हे तिन्ही दीडशे मार्कांचे. जो तीन पास झाला तो एनर्जी मॅनेजर. ज्याला ऑडिटर व्हायचंय त्याला चौथा पेपर, शंभर मार्कांचा, पुस्तक उघडून लिहायचा, यंत्रांची प्रत्यक्ष कामगिरी मोजण्याचा. प्रत्येक पेपरात निम्मे मार्क हवेत. आपली दाबलेली हवा आहे तिसऱ्या पेपरात, एक धडा. भारतात फक्त हवेचा असा वेगळा सरकारी ऑडिटर नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॉम्प्रेस्ड एअर चॅलेंज नावाचा उपक्रम खास याच विषयाचं प्रशिक्षण द्यायला निघाला, आणि २०१३ मध्ये आयएसओ ११०११ हे हवेच्या यंत्रणेचं ऑडिट कसं करावं याचं आंतरराष्ट्रीय मानक आलं. आपल्याकडे मात्र बॉयलर, पंप, पंखे, कॉम्प्रेसर, सगळं एकाच माणसानं शिकायचं.

तो धडा मी उघडला. त्यात गळती मोजायची रीत दिलीय. सगळी मशीनं बंद असताना कॉम्प्रेसर चालू करा. तो किती वेळ हवा भरतो आणि किती वेळ थांबतो ते घड्याळ लावून पाहा. भरण्याचा वेळ भागिले भरण्याचा अधिक थांबण्याचा वेळ, ही गळतीची टक्केवारी.

दोन भागिले दोन अधिक सहा. दोन आणि सहा आठ, आठात दोन म्हणजे पाव.

पुस्तक मिटून मी थोडा वेळ गप्प बसलो.

आणखी एक कोष्टक आहे त्यात. नळाला भोक केवढं, तर वीज किती. साधारण तीन मिलिमीटरचं भोक म्हणजे तीन किलोवॅट. ऐकायला किरकोळ. पण ते भोक रात्री झोपत नाही. वर्षाला सव्वीस हजार युनिटच्या वर, आठ रुपयांनी दोन लाखांहून जास्त. एवढ्याशा भोकाचे. जुहू गल्लीतला पंक्चरवाला बघा, त्याच्या पाइपातून जरा सूं आवाज आला की तो लगेच थुंकी लावून बघतो आणि रबर गुंडाळतो. कारण वीज त्याच्या खिशातून जाते. मोठ्या कारखान्यात ती कोणाच्याच खिशातून जात नाही, कंपनीच्या खात्यातून जाते.

तर २०१० ची नियमावली. तिनं ॲक्रेडिटेड होण्यासाठी काय मागितलं? एक, एनर्जी मॅनेजरचे तिन्ही पेपर पास. दोन, चौथा पेपरही पास. तीन, एनर्जी ऑडिटचा पाच वर्षांचा अनुभव, आणि त्यातली किमान तीन वर्षं ऊर्जा भरपूर खाणाऱ्या उद्योगांमधली. मग अर्जाची छाननी आणि ब्यूरोचं प्रमाणपत्र.

आणि हे २०१० लाच का ठरलं? कारण माणसाच्या सहीची गरज तेव्हा पडली. २०१२ मध्ये पॅट योजना सुरू झाली, पर्फॉर्म, अचीव्ह अँड ट्रेड. सिमेंट, पोलाद, खत, कापड अशा आठ क्षेत्रांतल्या ४७८ मोठ्या कारखान्यांना तीन वर्षांत ऊर्जेचा वापर किती कमी करायचा याचं लक्ष्य दिलं. जो जास्त वाचवेल त्याला सर्टिफिकेटं, ती तो विकणार. ज्याचं कमी पडलं त्यानं विकत घ्यायची. आता बचतीलाच पैसे आले म्हटल्यावर खरं मोजलं कोणी, हा प्रश्न आलाच. पॅरिससारखंच. हवा विकायला लागल्यावर माप तपासणारा लागला, आणि बचत विकायला लागल्यावर ऑडिटर लागला. पहिल्या फेरीत ८.६७ दशलक्ष टन तेलाइतकी ऊर्जा वाचली, लक्ष्यापेक्षा जास्त.

म्हणजे हे खरं चांगलं झालं. ज्या अहवालाला कपाटात जागा मिळायची, त्याला आता कायद्याची धार आली.

पण भोसरीचा माझा ग्राहक यात कुठेच नाही. सक्तीचं ऑडिट ज्यांना लागू आहे त्यांची यादी खूप वरून सुरू होते. उदाहरण म्हणून कापड उद्योग घ्या. मर्यादा वर्षाला ३,००० टन तेलाइतकी ऊर्जा. नुसत्या विजेत मोजलं तर साडेतीन कोटी युनिटच्या आसपास. त्याखालच्या कारखान्याला कोणी विचारत नाही. मेडासारख्या संस्था लहान उद्योगांना ऑडिटसाठी मदत करतात, पण ती मागायला जावं लागतं. आणि आपली हवा गळतेय हे ज्याला माहीतच नाही तो मागायला कशाला जाईल?

आमच्या सॉफ्टवेअरनं त्या कारखान्याला गळतीची सूचना पाठवली होती. कित्येक महिने, दर गुरुवारी. लाल अक्षरांत. कोणी उघडून पाहिली नाही. मग त्यांच्या एका मोठ्या गिऱ्हाइकानं ऊर्जेच्या वापराचा अहवाल मागितला, म्हणून त्यांनी ऑडिटर बोलावला. मी ऑफिसातून परवानगी काढून त्या गुरुवारी भोसरीला गेलो. ऑडिटरसाहेब पन्नाशीचे, शांत. त्यांनी सगळं बंद करायला सांगितलं, कॉम्प्रेसर तेवढा चालू ठेवला आणि घड्याळ लावलं. मग आम्ही शेडमधून चालत गेलो.

मंडळी, चालू कारखाना तुम्ही ऐकला असेल. बंद कारखान्यातली गळती ऐकायची असते. एका जोडातून शिट्टी. एका होजमधून फुसफुस. रिसीव्हर टाकीच्या खालच्या ऑटो ड्रेन वाल्वमधून तर पाण्याऐवजी हवाच सतत जात होती. तिथला हेल्पर, वयानं माझ्याएवढाच, आमच्या पुढे पुढे चालत एकेक जागा दाखवत होता. "इथे आहे सर, इथे पण आहे, त्या खांबामागे पण." त्याला सगळ्या माहीत होत्या. मी विचारलं, सांगितलं नाहीस कोणाला? तो हसला फक्त.

ऑडिटरसाहेबांचा आकडा आला २५ टक्के. आलेखाचा आकडा तोच. बाबांचा तोच. पण पुढच्या आठवड्यात जोड बदलले गेले, वाल्व बदलला गेला, आणि गुरुवारी कॉम्प्रेसर बंद ठेवायचा असं कागदावर लिहून दारावर चिकटवलं गेलं. तीन जणांनी एकच गोष्ट सांगितली, चौथ्यानं सही केली तेव्हा ती खरी झाली.

आता मी ही गोष्ट कडवटपणे सांगू शकतो, की बघा, बाबांना जे कानानं कळतं ते सरकारला परीक्षा घेऊन कळतं. पण इतिहास वाचल्यावर मला तसं वाटत नाही. १९७८ पासून २०१० पर्यंत, बत्तीस वर्षं, देशानं जे केलं ते हेच: गळतीला एक सही मिळवून दिली. कान आधीपासून होते. कारखान्याकारखान्यात होते. त्या कानांवर विश्वास ठेवायला भाग पाडेल असा कागद नव्हता. तो तयार करायला कायदा लागला, परीक्षा लागली, अनुभवाची वर्षं मोजावी लागली.

खटकतं ते वेगळंच. बाबांच्या अनुभवाची वर्षं त्या मोजणीत येत नाहीत. परीक्षेला बसायला इंजिनिअरिंगची पदवी आणि तीन वर्षांचा ऊर्जेच्या कामाचा अनुभव असला तर चालतं. आयटीआयच्या फिटरला, तीस वर्षं कॉम्प्रेसरशेजारी काढली तरी, त्या फॉर्मवर रकाना नाही. माझ्याकडे पदवी आहे. बंद शेडमध्ये उभं राहून शिट्टी कुठून येते ते मला अजून पटकन सांगता येत नाही. फॉर्म माझा भरला जातो.

तर मी तो भरलाय. चार पेपर द्यायचे, पास झालो तर पाच वर्षं ऑडिटचं काम करायचं, मग ॲक्रेडिटेशनचा अर्ज. म्हणजे पस्तिशीत कधीतरी. रात्री जेवण झालं की तिसऱ्या पेपरचा तो धडा घेऊन बसतो. सूत्रं मी समजावतो, आणि ती कुठे चुकतात ते बाबा समजावतात. परवा म्हणाले, "पुस्तकात लिहिलंय मशीनं बंद करून मोजा. पण बंद करायला सांगणार कोणाला, ते लिहिलंय का?" मी म्हटलं, नाही लिहिलेलं. म्हणाले, "हेल्परला विचार. आधी त्याला चहा पाज, मग विचार."

वहीत लिहून ठेवलंय.

येत्या १४ डिसेंबरला तुमच्या कंपनीत ऊर्जा संवर्धनाचं पोस्टर लागेल, शपथ होईल. ती घ्याच. पण त्या आठवड्यात सुट्टीच्या दिवशी पाच मिनिटं काढून तुमच्या शेडमध्ये नुसते उभे राहा. पंखा बंद, मोबाइल बंद. आणि ऐका. जे ऐकू येईल ते मला लिहून कळवा, आणि त्याआधी तुमच्या हेल्परला विचारा, त्यानं ते किती वर्षांपूर्वी ऐकलंय.

पुढच्या भागात भेटू. हेलिकॉप्टर आलं बघा पुन्हा. थांबतो.